गेमच्या कळा बदलायला मायक्रोसॉफ्टचा कीबोर्ड मॅनेजर: कुठे चालतो, कुठे अडतो

पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत संचातला कीबोर्ड मॅनेजर वापरायला फार सोपा आहे. 'रिमॅप अ की' उघडायचं, डावीकडे मूळ कळ, उजवीकडे हवी ती कळ, आणि ओके. रीस्टार्ट लागत नाही. रोजच्या टायपिंगसाठी मी तो डोळे झाकून सुचवेन, पण गेमसाठी नाही.

कारण तो नेमका कुठे बसतो त्यात आहे. कळ दाबली की कीबोर्ड तिच्या जागेचा क्रमांक पाठवतो, म्हणजे स्कॅनकोड. त्याचं अक्षर काय करायचं ते विंडोज नंतर निवडलेल्या लेआउटनुसार, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं अक्षर या मांडणीनुसार, ठरवतं. कीबोर्ड मॅनेजर या वरच्या पातळीवर काम करतो. बरेच गेम मात्र कीबोर्डकडून थेट वाचतात. अशा गेममध्ये बदल लागूच होत नाही किंवा अर्धवट होतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या माहितीपत्रकात हे मान्य केलंय, हे बरं.

दुसरी मर्यादा जास्त खुपते. ठरावीक प्रोग्रॅमपुरता बदल फक्त शॉर्टकटला करता येतो, सुट्या कळीला नाही. गेममध्ये चुकून विंडोज कळ दाबली जाते म्हणून ती बंद केली, तर ती सगळीकडेच बंद होते. शिवाय गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल, तर पॉवरटॉइजही तसंच चालवावं लागतं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली की भाषा बदलते, आणि पळायला शिफ्ट वापरणाऱ्या गेममध्ये हे हमखास होतं. इनस्क्रिप्ट या देवनागरी लेआउटमध्ये डब्ल्यू-ए-एस-डीच्या, म्हणजे गेममध्ये हालचालीसाठी वापरतात त्या कळांच्या, जागी ै, ो, े आणि ् असतात. अक्षर पाहणारा गेम तिथेच ठप्प होतो. जागा पाहणारा चालतो, पण चॅटमध्ये देवनागरी उमटते. यावर कीबोर्ड मॅनेजरचा उपयोग नाही, कारण त्यातल्या शॉर्टकटच्या शेवटी साधी कळ लागते आणि इथे दोन्ही मॉडिफायर, म्हणजे दुसऱ्या कळीसोबत दाबायच्या कळा, आहेत. उपाय विंडोजमध्येच आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जच्याच पानावर प्रत्येक ॲपसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायची खूण आहे, तीही करा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस उरतेच.

फ्रान्समधून आणलेल्या लॅपटॉपवर ॲझर्टी हा फ्रेंच लेआउट असतो. तिथे डब्ल्यू-ए-एस-डीच्या जागी झेड-क्यू-एस-डी छापलेलं असतं. जागा पाहणाऱ्या गेमला फरक पडत नाही, फक्त पडद्यावरची सूचना आणि कळीवरचं अक्षर जुळत नाही. अक्षर पाहणाऱ्या गेममध्ये बोटं अडकतात. आधी गेमचीच कंट्रोल सेटिंग्ज पाहा, किंवा इंग्रजी यूएस लेआउट जोडून गेमपुरता तो निवडा.

गेममध्ये कळा बदलायची सोयच नसेल, तर शार्पकीज घ्या. तोही मोफत आहे. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'स्कॅनकोड मॅप' लिहितो, म्हणून बदल खालच्या पातळीवर होतो आणि मागे काही चालू ठेवावं लागत नाही. ॲड, दोन्ही बाजूंना 'टाइप की', मग 'राइट टू रजिस्ट्री' आणि रीस्टार्ट. बदल त्या संगणकावरच्या सगळ्या वापरकर्त्यांना आणि सगळ्या प्रोग्रॅम्सना लागू होतो, त्यामुळे पासवर्डमधली अक्षरं असलेल्या कळा हलवू नका. उलटवायचं तर 'डिलीट ऑल' करून पुन्हा 'राइट टू रजिस्ट्री' आणि रीस्टार्ट.