हलक्या अ‍ॅलॉयच्या नावाखाली जड रिम: जुनी गाडी असलेल्यांनी वाचावं

गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका घरी 1960च्या दशकातली मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी आहे, अजून रोज चालणारी. तिला "मॅग्नेशियमच्या रिम, एकेक पाच किलोची, स्टिअरिंग लोण्यासारखं होईल" असं सांगून चार अ‍ॅलॉय गळ्यात मारल्या गेल्या. दुकानात काट्यावर एक रिम ठेवून दाखवली होती आणि ती खरोखर हलकी होती. पण ती होती दहा इंची, मिनी या त्याहून लहान गाडीची. घरी आलेल्या चौदा इंची चारही रिम मूळ लोखंडी रिमपेक्षा प्रत्येकी दोन किलोंनी जड निघाल्या. बिल नाही, यूपीआयचे पैसे भलत्याच नावाच्या खात्यात, आणि परत घ्यायची गोष्ट काढली तर उत्तर एकच: "टायर चढवला, आता तो वापरलेला माल."

दोन किलोंत काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. मॉरिस मायनर साधारण पाऊण टनाची गाडी. एका चाकावर दोनशे किलोंच्या आसपास भार येतो. रिम, टायर, ड्रम, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकलेलं वजन. खड्ड्यावरून गेल्यावर चाक वर उडतं आणि त्याला खाली ढकलून पुन्हा रस्त्याला टेकवायचं काम स्प्रिंगला करावं लागतं. चाक जड झालं की ते उशिरा टेकतं, आणि जितका वेळ ते नीट टेकलेलं नसतं तितका वेळ त्याला ना पकड, ना ब्रेक. दीड टनाच्या गाडीत वरचं वजन मोठं असल्याने हा धक्का पचून जातो. हलक्या गाडीत तो थेट स्टिअरिंगवर येतो. त्यातही वजन रिमच्या बाहेरच्या कडेला असलं तर ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, म्हणजे पिकअप आणि ब्रेक दोन्ही मंदावतात.

या गाडीत हे सगळं दिसलं. रम्बलरवरून (रस्त्यावरच्या आडव्या उंचवट्यांवरून) जाताना पुढचा भाग बाजूला सरकायचा, वळणात खडबडीत डांबर आलं की स्टिअरिंगला हिसके बसायचे. मायनरचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे, आत तेल थोडंच. जड चाकाने ते लवकर थकतात आणि गळू लागतात. खालच्या ट्रनियनवरही, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यावरही, जादा ताण येतो. तिथं वेळेवर ग्रीस नसेल तर तो निसटून चाक आडवं पडतं. या गाड्यांचं हे दुखणं जुनंच आहे.

वजनापेक्षाही घातक गोष्ट मात्र वेगळीच निघाली. मायनर, मिनी, एमजी मिजेट यांच्या चार स्टडचं (चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या आटेदार दांड्यांचं) वर्तुळ 101.6 मिलिमीटरचं, म्हणजे चार इंचांचं. विकलेल्या रिम आजच्या हॅचबॅकच्या, 100 मिलिमीटरच्या. फरक 1.6 मिलिमीटर, म्हणून नट आवळला की रिम "बसते". पण प्रत्येक स्टड 0.8 मिलिमीटर आत ओढला जातो, नटाचा शंकूसारखा उतार एकाच बाजूला टेकतो, आणि शे-दोनशे किलोमीटरांत नट सैल होतात. इथं ते दोनदा सैल झाले. दुसऱ्या वेळी छिद्राच्या एका कडेला चकाकी आली होती आणि दुसऱ्या कडेचा रंग तसाच शाबूत होता. अशी अर्धचंद्राकृती चकाकी दिसली की गाडी तिथंच थांबवावी.

रिम आतून घासू नये म्हणून मागे स्पेसरही, म्हणजे जाड चकत्या, घातले होते. त्यामुळे नटाला स्टडचा आटा पुरेसा मिळत नव्हता. या गाड्यांचे स्टड 3/8 इंची यूएनएफ, म्हणजे बारीक आट्याचे, इंचाला 24 आटे. नट टेकल्यापासून उलटा सोडताना निदान नऊ पूर्ण फेरे मोजता आले पाहिजेत. इथं पाचच मिळाले.

विकत घेण्याआधी दोन साधनं पुरतात: सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी). आधी आपली लोखंडी रिम टायर काढून दोरीने लटकवून तोला, मग नवीन चारही. नमुन्याची एक नव्हे, ज्या घरी येणार त्या चारही. रिम उलटी करा, कारण मागच्या बाजूला छिद्रं सरळ असतात. एका छिद्राच्या डाव्या कडेपासून समोरासमोरच्या छिद्राच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. 101.6च्या जागी 100 आलं तर तिथंच "नको" म्हणा. आयएसआय किंवा जेडब्ल्यूएल (जपानी मानकाची) खूण धातूत ओतलेली हवी, स्टिकर चालत नाही. नटाची बैठकही बघा: उताराच्या नटाला उताराचं छिद्र, सपाट वॉशरच्या नटाला सपाट.

"मॅग्नेशियम" शब्द ऐकला की जास्तच सावध व्हा. लोहचुंबक इथं कामाचं नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. आतल्या बाजूला नखाएवढा रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियम लगेच फसफसतं, अ‍ॅल्युमिनियम शांत राहतं. इथं काहीच फसफसलं नाही. आणि समजा फसफसलं असतं, तरी आनंद मानू नये. आपल्या खाऱ्या हवेत जुनं मॅग्नेशियम रंगाखाली सडतं. डाय पेनिट्रंटने (तड्यांत शिरून ते दाखवणाऱ्या रंगाने) तडे तपासल्याशिवाय तशी रिम रस्त्यावर आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

फसलाच असाल तर रिम काढण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या: काट्यावरचा आकडा, व्हर्नियरचं माप, नटाचे फेरे. यूपीआयची पावती आणि विक्रेत्याचे मेसेज जपा, विशेषतः "मॅग्नेशियम" आणि वजन लिहिलेले. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल दुकानदाराकडून घेतलेला हवा, एखाद्याने घरातली जुनी वस्तू विकली असेल तर हा मार्ग सहसा चालत नाही.

बार्देशातल्या गाडीचे सोळाही स्टड बदलले, कारण वाकलेला स्टड सरळ केला तरी भरवशाचा राहत नाही. जुन्या लोखंडी रिम घासून, रंगवून परत बसवल्या, नट 60 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले आणि 80 किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. एकही हलला नव्हता.