चारशे वीस डॉलरची नोट

आम्ही ओहायोतल्या एका लहान गावात राहतो. चौकात दगडी खांबांची जुनी बँक आहे, आता तिथे पिझ्झा मिळतो. या बँकेने एके काळी स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या होत्या हे कळलं, तेव्हापासून तशी एक मिळवायचं डोक्यात होतं. 1863 च्या कायद्यानंतर इथल्या गावोगावच्या बँका सरकारी रोखे तारण ठेवून नोटा काढत, त्या 'नॅशनल बँक नोटा'. 1935 मध्ये ते थांबलं.

नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात एक विक्रेता म्हणाला, "तुमच्या गावची नाही, पण ओहायोचीच देतो." 1929 ची वीस डॉलरची नोट. तपकिरी शिक्का, वर 'नॅशनल करन्सी', डावीकडे 'फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ क्लीव्हलँड'. कॅटलॉग उघडून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं: फार थोड्या उरल्यात. किंमत चारशे वीस डॉलर. आकडा ऐकूनच मराठी माणसाने पळायला हवं होतं!

पण आपल्याला नोट म्हणजे रिझर्व्ह बँकेची हेच ठाऊक. ते नाव वाचून माझा विश्वास उलट वाढला.

दिवाळीच्या फराळाला आलेल्या शेजारच्या आजोबांना मी ती कौतुकाने दाखवली. चाळीस वर्षं नोटा जमवणारा माणूस. चकली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "चार्टर नंबर कुठाय?"

1929 च्या खऱ्या नॅशनल बँक नोटेवर ती काढणाऱ्या बँकेचा सरकारी क्रमांक असतो, तोच चार्टर नंबर. फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा क्रमांक 1. माझ्या नोटेवर त्या जागी ठळक काळं 'डी', म्हणजे फेडरल रिझर्व्ह या इथल्या मध्यवर्ती बँकेचा क्लीव्हलँड विभाग, गावची बँक नव्हेच. 1929 हे फक्त मालिकेचं साल. 1933 मध्ये बँका कोसळत होत्या, रोकड घाईने हवी होती, तेव्हा नॅशनल बँक नोटांसाठीच्याच कागदावर या नोटा छापून घेतल्या. सहीखालच्या 'प्रेसिडेंट'वर काळी पट्टी मारून 'गव्हर्नर' छापलंय, तेही मला दिसलं नव्हतं. नोट खोटी नाही, फक्त दुर्मीळ नाही. तशीच, तितकीच वापरलेली नोट नंतर दुसऱ्या टेबलावर पन्नास डॉलरला पाहिली. आणि विक्रेत्याने बोट ठेवलेली ओळ? ती भलत्याच गावच्या बँकेची होती.

आजोबांनी आणखी एक सांगितलं. चार्टर नंबर असला तरी लगेच हुरळायचं नाही. मोठ्या शहरांतल्या बँकांच्या नोटा ढिगाने आहेत. त्याच बँकेची नोट आधीच्या लिलावांत कितीला गेली ते पाहायचं, छापील यादीतला भाव नाही. आणि दिव्याखाली तिरकी धरायची. धुऊन इस्त्री केलेल्या नोटेच्या घड्या तेव्हा दिसतात.

पुढच्या प्रदर्शनात विक्रेता भेटला. मी नोट पुढे केली. तो शांतपणे म्हणाला, "नॅशनल करन्सी लिहिलंय की नाही? मग खोटं काय बोललो?" पैसे परत मिळाले नाहीत. बायको म्हणते, वीस डॉलर तर नक्की सुटतील, पिझ्झा घेऊन ये.