बिजागरीचा नी ब्रेस, आठ महिन्यांनंतर: ब्रेस टिकला, वेल्क्रो नाही

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेअकराला, दोन्ही हातांत पोळ्यांच्या पिशव्या घेऊन मी तिसऱ्या मजल्यावरून उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चर्र आवाज आला आणि उजव्या गुडघ्यावरच्या ब्रेसचा वरचा पट्टा सुटला. ब्रेस घसरून पोटरीवर आला, बिजागरी भलतीकडे गेली, पाऊल अडखळलं. कठडा हाताशी होता म्हणून वाचले. तेव्हा ब्रेस घेऊन जेमतेम साडेपाच महिने झाले होते. त्या दिवशी संध्याकाळी हा अनुभव लिहायला बसले असते तर एकच ओळ लिहिली असती: घेऊ नका. आता जूनमध्ये लिहितेय आणि मत बरंच बदललंय. वेल्क्रोबद्दलचं मात्र अजिबात बदललेलं नाही.

मी डोंबिवलीत घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. वय ५७. रोज ओट्याशी चार-पाच तास उभं राहणं आणि लिफ्ट नसलेली जुनी इमारत. गेल्या वर्षी एक्स-रे काढला तेव्हा गुडघ्याच्या सांध्याची झीज निघाली, ग्रेड थ्री. आतल्या बाजूची हाडांमधली गॅप कमी झालीय, पाय थोडा बाहेर वाकलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही. वजन उतरवा, फिजिओकडे जा, जिन्यासाठी ब्रेस वापरून बघा. मी यातलं विकत मिळणारं तेवढं आधी घेतलं. ऑक्टोबरमध्ये २८५० रुपये मोजले. एका पोळीमागे माझ्या हातात साडेतीन रुपये उरतात, म्हणजे आठशेहून जास्त पोळ्या त्या ब्रेसमध्ये गेल्या. म्हणून पट्टा सुटला तेव्हा पोटात तुटलं.

आता वेल्क्रो. त्याच्या एका बाजूला बारीक आकडे असतात, दुसऱ्या बाजूला मऊ लव. आकडे लवेत अडकतात म्हणून पट्टा धरून राहतो. माझ्या घरात हवेत कायम पीठ. कणीक मळताना, पोळी लाटताना, झटकताना ते उडतं आणि आकड्यांच्या मुळाशी जाऊन बसतं. त्यात घाम मिसळला की पिठाची खळ होते आणि वाळली की कडक. शिवाय गाऊनचे दोरे, टॉवेलची लव, केस. तीन महिन्यांत पट्टी हाताला गुळगुळीत लागायला लागली होती. मी समजत होते, माझाच पट्टा सैल बसतोय. म्हणून आणखी ओढून लावायचे. त्याने दोन गोष्टी झाल्या: मांडीवर वळ उठले आणि ताण पडून शिवणीचा टाका उसवत गेला.

ब्रेस स्वयंपाकघरात घालणारे बहुतेक सगळे माझ्यासारखेच असणार. पीठ, घाम, धुणं, रोज चार वेळा काढघाल. हे बनवणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. स्टीलच्या पट्ट्या उत्तम, बिजागरी आजही नव्यासारखी फिरते, कापडाचा धागा निघालेला नाही. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो वितभर वेल्क्रो सगळ्यात स्वस्तातला. सोबत एक जादा पट्टा दिला असता तर काय बिघडलं असतं?

विक्रेत्याला तीन फोन केले, फोटो पाठवले. सहा महिन्यांची वॉरंटी होती आणि मी मुदतीत होते. उत्तर आलं की पट्टा वापराने झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही. नुसता पट्टा विकत द्या म्हटलं, तर तो सुटा मिळत नाही. नवीन ब्रेसवर दहा टक्के सूट देऊ म्हणाले. मला याचा फार राग आला आणि अजून आहे. २८५० रुपयांची चांगली वस्तू एका पट्टीसाठी कचऱ्यात टाकायची ही रीत मला पटत नाही.

ब्रेस तसाच कपाटावर पडून राहिला, बारा दिवस. आणि याच बारा दिवसांत माझं मत फिरलं.

फिजिओ मुलगी डिसेंबरपासून सांगत होती, "काकू, ब्रेस जिन्यापुरता. खरा ब्रेस मांडीच्या पुढच्या स्नायूचा." मी व्यायाम करत होते, पण ब्रेस आहेच या भरवशावर, कधी दोन दिवस चुकवून. आता दुसरा आधार नव्हता. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना. बारा दिवसांत जादू झाली नाही, पण नवव्या-दहाव्या दिवशी लक्षात आलं की ब्रेसशिवाय ओट्याशी उभी राहतेय आणि गुडघा लचकत नाहीये. आधीच्या तीन महिन्यांचा व्यायामही त्यात जमा असणार. म्हणजे मी दिवसभर ब्रेस बांधून ठेवायचे ते बहुतेक भीतीपोटीच.

मग फिजिओला नीट विचारलं, की हा ब्रेस नक्की करतो काय? तिने सांगितलं ते ब्रेस घेण्याआधी कळायला हवं होतं. दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या असलेला साधा बिजागरीचा ब्रेस गुडघा आडवा लचकू देत नाही, ऊब देतो, पाऊल टाकायला धीर देतो. झिजलेल्या आतल्या बाजूवरचा भार तो फारसा हलवत नाही. त्यासाठी अनलोडर ब्रेस वेगळा असतो, तीन ठिकाणी दाब देऊन पाय किंचित सरळ करणारा, आणि तो बराच महाग. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, कुठलाच ब्रेस परत आणत नाही. 'वंगण संपलं' असं आपण सगळेच म्हणतो, पण हे दुखणं तेल घालून बरं होण्यासारखं नसतं. मी ग्लुकोसामाइनच्या पावडरीचे तीन डबे संपवले होते, नऊशेचा एक. डॉक्टरांना दाखवले तर म्हणाले, मोठ्या चाचण्यांत याचा ठोस फायदा दिसलेला नाही, हे पैसे वाचवा. ते २७०० मला ब्रेसपेक्षा जास्त बोचतात. दुखणं वाढलं की डायक्लोफिनॅकचं जेल लावते. मला बीपी आहे, म्हणून दुखण्याच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मनाने घेत नाही.

वजन साडेचार किलो उतरलंय. एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे कळल्यावर रात्रीची उरलेली पोळी खाणं सुटलं.

काठीचं एक सांगते, कारण आमच्या इमारतीत तिघी-चौघी चुकीची धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. मला हे उलटं वाटलं होतं, पण दोन दिवस करून बघितलं आणि फरक लगेच जाणवला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरणं मी बंद केलंय. पोळ्या आता पाठीवरच्या सॅकमध्ये जातात, एक हात कठड्यावर.

ब्रेसचं पुढे काय झालं ते. स्टेशनाबाहेर चपला-बॅगा शिवणारे एक दादा बसतात. त्यांच्याकडे नेला. त्यांनी पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "ताई, ब्रेस चांगलाय, पट्टीच हलकी लावलीय." जुनी पट्टी उसवली, रुंद वेल्क्रो कापला, कडेने नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण घातली आणि मध्ये फुलीचा टाका. वीस मिनिटं, साठ रुपये. आज अडीच महिने झाले, पट्टा हलत नाही. उरलेला तुकडाही त्यांनी हातात दिला.

आता मी ब्रेस फक्त जिन्याला, बाजारात जाताना आणि लग्नकार्यात घालते. ओट्यापाशी अजिबात नाही, तिथे उंच स्टूल घेतलंय. काढला की पट्टे लगेच आपापल्या जागी बंद करते, म्हणजे आकडे उघडे राहत नाहीत. दर रविवारी जुना टूथब्रश आणि उवांच्या फणीने आकडे विंचरते. पहिल्यांदा फणीतून निघालेला पिठाचा चुरा बघून मी थक्क झाले. धुताना बिजागरीच्या पट्ट्या काढून, पट्टे बंद करून, हाताने, आणि सावलीत वाळवणं. मे महिन्यात घामोळं आलं, आत पातळ सुती लेगिंग घातल्यावर थांबलं. माप साडीवरून घेऊ नका. मी घेतलं होतं आणि एक साइज बदलून मागवावा लागला. बाजूच्या बिजागरीचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या उंचीला यायला हवा, नाहीतर ब्रेस घालूनही गुडघा दुखतो. झोपताना काढायचाच.

आणि कुणाचाही सांधा दुखतोय म्हणून थेट ब्रेस मागवू नका. माझ्या जाऊबाईंची बोटं सकाळी तासाहून जास्त आखडलेली असायची, दोन्ही हातांची. आम्ही वर्षभर तेल लावत बसलो. तो ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे झिजेचा नसून सुजेचा संधिवात निघाला, त्याची औषधंच वेगळी आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. झिजेचं आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं. गुडघा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाचपैकी किती, तर बिजागरीला पाच, वेल्क्रोला एक. पुन्हा घेईन का? हो, पण घरी आल्या दिवशीच पट्टे बदलून घेईन. खालचा पट्टा अजून मूळचाच आहे आणि त्याचाही एक कोपरा उचलायला लागलाय. पाऊस लागला की ते दादा रोज बसत नाहीत, म्हणून उद्याच्या ऑर्डरी पोचवल्या की तो घेऊन जाणार आहे.