बर्फातला ट्रेक: डिसेंबर की मार्च?

उत्तराखंडात बर्फात चालायला डिसेंबरात जावं की मार्चात, हे आपल्याकडे विदर्भात बहुधा शेतीच ठरवते. डिसेंबरात कापसाची वेचणी, तिच्यामागे तूर. हरभरा निघाला की मार्चात हात मोकळे. पण दोन्ही वेळा सवड निघत असेल तर? मी तिथल्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावाकडे दोन्ही महिन्यांत गेलो आहे. कपडे, बूट, थंडी यांबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊकच असेल. माझा कौल मार्चला, आणि तो वाऱ्याने ठरवला.

डिसेंबरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हवा स्वच्छ, स्वर्गारोहिणी शिखर लख्ख दिसतं. बर्फ थोडा, म्हणून चाल सोपी. आणि बर्फ थोडा म्हणजे हिमस्खलनाचा, उतारावरून बर्फ घसरून येण्याचा, धोकाही थोडाच, असं वाटतं. गोम तिथंच आहे. झाडी संपून उघडा दांडा लागला की वाऱ्याने तो खरवडून काढलेला असतो. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "भाऊ, बर्फ पाहाले आलो का गोटे पाहाले?" उडालेला बर्फ दांड्यापलीकडे, आडोशाच्या घळींत साचतो. फुगीर, गुळगुळीत, पाय टाकायचा मोह होईल असा. गाइड नेमका तिथंच जाऊ देत नाही. म्हणजे जिथं बर्फ तिथं जायचं नाही आणि जिथं जायचं तिथं बर्फ नाही. मला हे फार खटकलं.

गाइडचं मात्र बरोबर होतं. वारा बर्फाचे कण फोडून दाबून बसवतो, त्यांचा घट्ट थर होतो. खाली हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ असतो. जमीन त्यामानाने उबदार, वर कडाक्याची थंडी. त्या फरकाने खालच्या बर्फाचे सुटे, रवाळ दाणे होतात. ज्वारीच्या दाण्यांवर फळी ठेवावी तशी गत. उतार 30 ते 45 अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानेही फळी सुटू शकते. त्यासाठी ताजी बर्फवृष्टीच व्हायला हवी असंही नाही. निरभ्र दिवशी नुसता वारा काही तासांत घळ भरून टाकतो. थर लहान असला तरी खाली दगड उघडेच असतात, त्यांच्यावरून फरफटत जाणं गाडलं जाण्याइतकंच वाईट. उत्तराखंडातल्याच द्रौपदी का दांडा या शिखरावर 4 ऑक्टोबर 2022 रोजी हिमस्खलनात 29 जण दगावले, तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

मार्चही निर्धोक नाही. पश्चिमी चक्रावात आला की आपल्याकडे गारपिटीची धास्ती आणि तिकडे दोन-दोन दिवस बर्फ. त्यानंतर थर बसेपर्यंत थांबावंच लागतं. बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी 28 फेब्रुवारी 2025 रोजी सीमा सडक संघटनेचे मजूर हिमस्खलनात सापडले, त्यातले 8 दगावले. तो अशाच जोरदार बर्फवृष्टीचा काळ होता. पण एरवी मार्चातला धोका बराचसा उन्हाबरोबर चालतो. पहाटे बर्फ कडक, दुपारी ओला आणि जड. अंधारात निघा, ऊन चढायच्या आत उतरा. उन्हाळ्यात पहाटेच वावरात जाणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक शिकवावं लागत नाही. वारा मात्र रात्रीतून बाजू बदलतो, आणि सकाळी कोणती घळ भरली हे आपल्यासारख्या बर्फ न पाहिलेल्या डोळ्यांना कळत नाही. शिवाय मार्चात उघड्या दांड्यावरही चालायला बर्फ मिळतो, निदान मला तरी मिळाला.

अनुभवी माणसं कदाचित डिसेंबरच निवडतील, त्यांच्याशी माझा वाद नाही. तुम्हाला डिसेंबरच जमत असेल तर झाडीतला, 30 अंशांच्या आतला मार्ग धरा. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आहे का ते बघा, आणि गाइडला गेल्या दोन दिवसांत वारा कुठून होता ते विचारा. तो बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून पूर्वेकडच्या अंगावर जास्त लक्ष ठेवा. पायाखाली पोकळ आवाज आला किंवा पावलापासून तडा पळत गेला, तर आल्या पावली मागे फिरा.

मार्च ठरवलात तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. होळीच्या गर्दीत नागपूरहून दिल्लीकडच्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच तारीख पक्की करा.