डिव्हिजन वन की डिव्हिजन थ्री: कॉलेजच्या क्रीडा विभागात पहिली नोकरी कुठे घ्यावी?

अमेरिकेत क्रीडा प्रशासन शिकून बाहेर पडणाऱ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक मोठ्या विद्यापीठाची, म्हणजे डिव्हिजन वन, आणि दुसरी लहान कॉलेजची, डिव्हिजन थ्री. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या या श्रेणी. हुद्दा दोन्हीकडे 'असिस्टंट ॲथलेटिक डायरेक्टर' असाच असू शकतो. पण हुद्द्यावर जाऊ नका, तिथे दिवस कसा जातो ते बघा.

लहान कॉलेजात शनिवारी सामना असला की सकाळी मैदानावरच्या रेषा तुम्हीच तपासता. पाहुण्या संघाची बस कुठे लावायची, पंचांना पाणी कोण देणार, स्कोअरबोर्डचा रिमोट चालतोय का, हे सगळं तुमच्याकडेच. संध्याकाळी आकडेवारी वेबसाइटवर चढवायची आणि सोमवारी बजेटच्या बैठकीत बसायचं. दमणूक होते, पण अख्खा विभाग कसा चालतो ते दोन सीझनमध्ये कळतं. शिवाय मुलं नावानिशी ओळखीची होतात. माझ्या मते या नोकरीतलं खरं सुख तेच.

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. आर्थिक मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर. त्यामुळे संघात मुलं आणणं म्हणजे कॉलेजला फी भरणारे विद्यार्थी आणणं, आणि प्रवेश विभागाशी तुमचा रोजचा संबंध येतो. मुलाखतीत ही गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

मोठ्या विद्यापीठात काम वाटलेलं असतं. तिकीटविक्री, देणगीदार, प्रक्षेपण, कम्प्लायन्स (म्हणजे नियमपालन) असे स्वतंत्र कप्पे असतात, आणि तुम्ही त्यातल्या एकात. कम्प्लायन्समध्ये गेलात तर नियम हेच तुमचं जग. सीझनमध्ये सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक दिवस सुटी. खेळत राहायचं तर खेळाडूचा पदवीच्या अभ्यासाचा ४० टक्के भाग दुसऱ्या वर्षाअखेर पुरा झालेला हवा, मग ६०, मग ८०. एखाद्या खेळाडूने चौथ्या सत्रात मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला की आधीचे काही क्रेडिट नव्या पदवीत धरले जात नाहीत आणि तो ४० टक्क्यांच्या खाली घसरू शकतो. हे वेळेत हेरलं तर मुलाचं वर्ष वाचतं. या कामाला टाळ्या पडत नाहीत, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

गेल्या काही वर्षांत इथलं चित्र झपाट्याने बदललं आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यात सामील झालेली विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा उभा कुठून करायचा, कोणत्या संघाला किती द्यायचा, करार कोणी वाचायचे, या प्रश्नांमुळे हिशेब किंवा कायदा जाणणाऱ्या माणसाला तिथे मोठा वाव आहे. दडपणही तेवढंच. अमेरिकन फुटबॉलचा कोच बदलला किंवा नवा डायरेक्टर आला की खालची माणसंही बदलू शकतात.

सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा मात्र दोन्हीकडे सारखाच लागू आहे. सॉफ्टबॉलच्या मुलींची लॉकर रूम बेसबॉलच्या मुलांपेक्षा हलकी तर नाही ना, हे तुम्ही कुठेही असलात तरी बघावंच लागतं.

लहान ठिकाणी गेलं की माणूस तिथेच अडकतो, ही भीती मात्र मला पटत नाही. ज्युडी स्वीट १९७५ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलं आणि मुली, दोघांच्याही क्रीडा विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९९१ मध्ये एनसीएएच्या पहिल्या महिला अध्यक्ष. तेव्हा त्यांचं विद्यापीठ डिव्हिजन थ्रीत होतं.

म्हणून पुढे अख्खा विभाग चालवायचा असेल तर मी डिव्हिजन थ्री सुचवेन. कायदा, करार, निधी यांपैकी एकाच गोष्टीत खोल जायचं असेल तर डिव्हिजन वन. मुलाखतीत दोन्हीकडे एक प्रश्न जरूर विचारा: या जागेवर आधी असलेली व्यक्ती किती वर्षं टिकली आणि इथून कुठे गेली?