पिशवीचा कर्करोग: ईआर-पीआर आधी की एमएमआर-पी५३?

गर्भाशयाची पिशवी काढून झाली, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमध्ये आहे आणि डॉक्टर विचारतात, "ईआर-पीआर करायची का?" म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर आहेत का, ते बघायचं का? घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर रिसेप्टर पॉझिटिव्ह म्हणजे पुढची पाच-दहा वर्षं गोळी, हा हिशेब पाठ असतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तो लागू पडत नाही. ऑपरेशननंतर निव्वळ खबरदारी म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन आयुष्य वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. (स्तनासाठीची टॅमॉक्सिफेन तर अस्तराला उलट चेतवते.)

म्हणून ताज्या ऑपरेशननंतर पैसे मोजकेच असतील तर मी एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) आणि पी५३ (पेशींच्या वाढीला आवर घालणारं प्रथिन) या तपासण्या आधी करून घेईन. त्याही त्याच ब्लॉकवर होतात. पी५३ बिघडलेला असेल आणि गाठ स्नायूत शिरलेली असेल, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या वर्गीकरणात सुरुवातीच्या आजाराची स्टेजच वर सरकते. एमएमआर प्रथिनं गायब असतील तर लिंच सिंड्रोमची (घराण्यात चालणाऱ्या कर्करोगाच्या धोक्याची) शंका येते, म्हणजे भावंडं आणि मुलांच्या आतड्याचीही काळजी. शिवाय पुढे इम्युनोथेरपीचा मार्ग खुला होतो. पोल ही जनुकाची तपासणी महागडी, पण त्यात बदल सापडला तर बातमी चांगली असते.

एमएमआर, पी५३ आणि पोल या तिन्हींत काहीच वेगळं निघालं नाही, की ईआरला खरं वजन येतं. असे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यात ईआर निगेटिव्ह असेल तर दिसायला साधी गाठही डॉक्टर साधी धरत नाहीत.

आजार पुन्हा उलटून आला असेल तर मात्र क्रम फिरतो. ग्रेड १-२ ची (पेशी फार बिघडलेल्या न दिसणारी), सावकाश वाढणारी गाठ असेल तर केमोआधी हार्मोनच्या गोळ्यांचा विचार होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळीने पीआर पॉझिटिव्ह असलेल्या ३७ टक्के बायकांची गाठ आकसली, निगेटिव्ह असलेल्यांत ८ टक्क्यांची. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टने दार पुरतं बंद होत नाही. ही तपासणी शक्यतो नव्या बायोप्सीवर करावी. जुन्या ब्लॉकमधले रिसेप्टर नव्या गाठीत असतीलच असं नाही.

मूल हवं म्हणून पिशवी राखायची असेल, तर ग्रेड आणि एमआरआयमध्ये स्नायू मोकळा दिसणं, या दोन गोष्टी रिसेप्टरपेक्षा जास्त मोलाच्या. सिरस या आक्रमक प्रकारात मात्र ईआर-पीआरआधी हर-२ (नेमकं औषध उपलब्ध असलेलं पेशीवरचं प्रथिन) बद्दल विचारा.

आणि रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलेलं चालवून घेऊ नका, किती टक्के पेशी रंगल्या ते लिहून मागा.