खरखरीवर उपाय: यूएसबी अडॅप्टर की साउंड कार्ड?
डेस्कटॉपचा हेडफोन जॅक खरखरतोय, ड्रायव्हर पुन्हा टाकूनही फरक नाही, आता काय घेऊ, असं भाचीने विचारलंय. खर्चात यूएसबी अडॅप्टर (यूएसबी पोर्टात खोचून त्यात हेडफोन लावायचं छोटं उपकरण) सरळ पुढे: काहीशे रुपयांत मिळतो, बऱ्या साउंड कार्डाला काही हजार लागतात. शिवाय कार्डासाठी कॅबिनेट उघडा, पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच) मोकळा आहे का पाहा. खरखर बहुधा कॅबिनेटमधल्या इलेक्ट्रिकल नॉइजमुळे येते; अडॅप्टर त्याबाहेर राहतो, कार्ड मात्र आतच बसतं. टिकण्यात कार्ड सरस, बाहेर लोंबणाऱ्या अडॅप्टरला धक्के लागतात. स्वस्त अडॅप्टरवरच्या ‘7.1’कडे, म्हणजे आठ स्पीकरांच्या आवाजाच्या दाव्याकडे, बघूच नकोस. हेडफोनचा जॅक स्टिरिओचा, म्हणजे डावा-उजवा अशा दोनच आवाजांचा, एकच असतो. ऑनलाइन वर्ग, गाणी यांसाठी अडॅप्टरच घे. तीन वायरींचा 5.1 (सहा स्पीकरांचा) संच जोडायचा असेल, तरच कार्ड.